शंभर टक्के निकालाचा हिशेब द्या!

दहावीचा निकाल लागला की औशापासून लातूरपर्यंतचा रस्ता फ्लेक्सने भरून जातो. गुणवंतांचे फोटो, संस्थाचालकांचे जोडलेले हात आणि ठळक अक्षरांत 'निकाल 100 टक्के'. लेकरांच्या मेहनतीचे कौतुकच आहे. लातूर पॅटर्नने सराव परीक्षांचा जो घाम गाळायला शिकवला, त्यालाही आमचा विरोध नाही. पण त्या शाळेत आठवीला किती मुले होती आणि त्यातली किती तिथूनच दहावीला बसली, हा आकडा फ्लेक्सवर कधी पाहिला आहे काय?

ही युक्ती आता पालकांना तोंडपाठ आहे. कच्चे मूल नववीत नापास करायचे, नाही तर बापाला बोलावून "दाखला घेऊन जा, 17 नंबरचा फॉर्म भरा" म्हणायचे. मूल बाहेरून परीक्षेला बसते, नापास झाले तर शाळेच्या खात्यावर पडत नाही. बसलेच नाही तर कोणाच्याच खात्यावर पडत नाही! कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मागे ठेवण्याची मुभा आली, पण काढून टाकण्याची नाही. मात्र हे छत्र आठवीपर्यंतच. म्हणून कात्री चालते ती नववीत. आणि दाखला हातात घेऊन निघणारे पोर वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला गेलेल्या घरातले, आमच्या वस्तीतलेच का असते?

मोजमापातही पंक्तिप्रपंच आहे. 2023-24 पासून शासनाने नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू केली, ती शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांसाठी. 2012 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा आपले यश आपणच ठरवतात. गरिबाच्या शाळेची झडती आणि पैसेवाल्याच्या शाळेची जाहिरात, हा कुठला न्याय?

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतसुद्धा एवढी मोकळीक नाही. तिथे सरकारी पैशावर स्वतंत्र मंडळे चालवतात अशा 'चार्टर' शाळा आहेत. पहिला कायदा 1991 साली मिनेसोटा राज्यात झाला. त्यांना कारभारात सूट आहे, पण सरकारी चाचणीतून सूट नाही. 2002 च्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी चाचणी घेणे आणि निकाल वंशनिहाय, गरिबीनिहाय जाहीर करणे बंधनकारक केले. 2015 च्या नव्या कायद्यानेही ही अट ठेवली. तरीही काही चार्टर शाळा नकोशी मुले बाहेर काढतात, अशी ओरड झालीच. 2016 साली एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेने नव्या चार्टर शाळा थांबवा, त्यांना सरकारी शाळांइतकेच उत्तरदायी करा, असा ठराव केला.

आपल्याला हे अमेरिकेकडून शिकण्याचीही गरज नाही. 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी हाच हिशेब मांडला होता. शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सरकारला सुनावले. किती पास झाले ते नव्हे, आत आलेल्यांपैकी किती टिकले ते बाबासाहेबांनी मोजले!

आज प्रत्येक शाळा यू-डायस प्रणालीत इयत्तानिहाय, प्रवर्गनिहाय पटसंख्या भरते. म्हणजे माहिती शासनाजवळ आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी माहिती अधिकार कायदा 2005 खाली शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, लातूर यांच्याकडे अर्ज टाकावेत. तालुक्यातील प्रत्येक शाळेची मागील पाच वर्षांची आठवी, नववी व दहावीची अनुसूचित जातीची पटसंख्या मागावी, आणि नववीत दिलेल्या दाखल्यांची संख्याही. शाळा खासगी आहे, हे उत्तर चालणार नाही. दुसऱ्या कायद्याने शासनाला मिळवता येते ती खासगी संस्थेची माहितीही कलम 2(च) मध्ये येते. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. पुढचे फ्लेक्स लागण्याआधी हे कागद हातात हवेत.