लाईट पेटली की पार्ट बदला, हा कुठला न्याय?

चार महिन्यांत माझ्या सहाचाकीची इंजिन लाईट पाच वेळा पेटली. कोड दरवेळी तोच, पी-२०-ईई. सर्व्हिस सेंटरने आधी एक नॉक्स सेन्सर बदलला. आठ दिवसांत लाईट परत. मग दुसरा बदलला. त्यानंतर माल भरलेली गाडी खंबाटकी घाटात लंगडायला लागली. दोन हप्त्यांचे पैसे गेले, भाडी बुडाली ती वेगळीच.

शेवटी हायवेवरच्या एका मिस्त्रीने युरियाचा नोझल उघडून दाखवला. त्यावर पांढरे खडे धरलेले. कोमट पाण्याने धुतला, गॅस्केट नवी टाकली. त्यानंतर आजपर्यंत लाईट नाही.

आता नीट ऐका. हा कोड एवढंच सांगतो की धुरातला नॉक्स पुरेसा कमी होत नाहीये. का होत नाही, ते सांगत नाही. युरियात पाणी असेल, नोझल चोंदला असेल, सायलेन्सरचा जोड गळत असेल, वायर घासली असेल, सेन्सर गेला असेल. कॅटॅलिस्ट सगळ्यात शेवटी. हे क्रमाने तपासायला दोन तास लागतात. पण तपासण्याचं बिल छोटं आणि पार्टचं मोठं! ताप आला म्हणून कुणी किडनी बदलतं का?

माझीही चूक सांगतो. सुटा युरिया स्वस्त मिळाला म्हणून मी भरला होता. त्यात युरिया ३२.५ टक्केच हवा आणि पाणी शुद्ध हवं. चार पैसे वाचवले, चाळीस घालवले.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. बीएस-५ गाळून थेट उडी. उडी चांगलीच होती, पण मिस्त्रीच्या हातात काय दिलं? स्वस्त स्कॅनर, त्यावर नुसता नंबर. पुढची तपासणी कशी करायची ते कंपनीच्या कुलपात. युरोपात बाहेरच्या गॅरेजला ही माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात ‘राईट टू रिपेअर’चं पोर्टल निघालं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

मग वैतागलेला मालक काय करतो? डबी बसवून सिस्टीमच फसवतो. लाईट बंद, विषय संपला. पीयूसीत डिझेलचा फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स दिसत नाही, म्हणून ही गाडी आरामात पास! २०१५ साली फोक्सवॅगनने सॉफ्टवेअरने चाचणी फसवली तर जगभर बोंब झाली. इथे तेच काम ढाब्यामागे होतं. आणि तो नॉक्स हायवेलगतच्या शाळेतली आपलीच पोरं ओढतात.

मागणी साधी आहे. पार्ट बदलण्याआधी तपासणीचा छापील रिपोर्ट द्या. दुरुस्तीची माहिती प्रत्येक गॅरेजला खुली करा. पीयूसीत गाडीचे कोडही वाचा.

आणि मालकांनो, पुढच्या वेळी लाईट पेटली तर एकच प्रश्न विचारा: “बदलायचं नंतर बघू, तपासलं काय काय?”

पटलं तर पुढे पाठवा. तुमच्या गाडीचा अनुभव खाली लिहा.