मुंबई ते जेद्दा : तिकिटावरचे तास आणि खरे तास

उमराहचे तिकीट घरात आले की आपण आधी वेळा पाहतो. समजा, मुंबईहून दुपारी २ वाजता सुटणे आणि जेद्दाला ४.४५ ला पोहोचणे असे लिहिले आहे. कुणीतरी लगेच म्हणते, "पावणेतीन तासांचाच तर प्रवास!" आम्ही शाळेत मुलांना घड्याळाची गणिते घालतो, त्यातलेच हे एक.

निघण्याची वेळ भारताची असते, पोहोचण्याची सौदीची. सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. पावणेतीनमध्ये अडीच मिळवा. सव्वापाच तास होतात. दोन्ही विमानतळांत सुमारे ३,५०० किलोमीटर अंतर आहे, त्याला एवढा वेळ लागायचाच. परतताना उलटे होते. जेद्दाहून रात्री ८ ला निघालेले विमान पाच तासांत आले तरी मुंबईत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि तारीखही बदललेली असते. घ्यायला येणाऱ्यांना म्हणूनच उतरण्याची तारीख सांगावी, निघण्याची नव्हे.

हा हिशेब इबादतीशीही जोडलेला आहे. सरळ उमराहला जाणाऱ्यांना मीकात ओलांडण्यापूर्वी एहराम आवश्यक आहे आणि विमान जेद्दाला उतरण्याआधीच मीकातवरून पुढे जाते. "उतरल्यावर बांधू" म्हणणाऱ्याची किंवा झोप लागलेल्याची वेळ निघून जाऊ शकते. विमानाच्या लहानशा बाथरूममध्ये वृद्धांना कपडे बदलणेही अवघड. घरी किंवा मुंबई विमानतळावरच गुसल, एहरामची तयारी करावी. विमानात घोषणा होताच नियत आणि तलबिया. आधी मदीनेला उतरणाऱ्यांनी मात्र मदीनेहून मक्केला निघताना झुलहुलैफा येथे एहराम बांधायचा असतो.

रमजानात जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सूर्याला एक रेखांश ओलांडायला ४ मिनिटे लागतात. मुंबई आणि जेद्दा यांच्यात जवळपास ३४ रेखांशांचे अंतर आहे. दिवसा पश्चिमेकडे जाताना रोजा त्यामुळे सुमारे सव्वादोन तासांनी लांबतो. इफ्तार मुंबईच्या वेळापत्रकाने नव्हे, आपण असू तिथे सूर्य मावळल्यावर. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे. आजारी माणसाने ती घेण्यात कमीपणा मानू नये.

मधुमेहाच्या रुग्णांनी गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. घड्याळ मागे केले तरी शरीर मागे जात नाही. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, सामानात नव्हे.

आणि शेवटी, विमानतळ ते विमानतळ म्हणजे पूर्ण प्रवास नव्हे. रत्नागिरीच्या घरातून निघालेल्या अम्मी-अब्बांचा मुंबईपर्यंतचा रस्ता, विमानतळावरचे तीन-चार तास, जेद्दाची तपासणी, तिथून मक्केपर्यंत सुमारे १०० किलोमीटर, हे सारे मिळवले तर अख्खा दिवस सरतो. थकलेल्या पायांनी लगेच तवाफला उभे राहण्याची सक्ती नाही. एहरामच्या बंधनांत राहून थोडी झोप घ्यावी, दोन घास खावेत, मग उमराह करावा. बरोबर जाणाऱ्या मुलांनी आणि गटप्रमुखांनी ही उसंत वृद्धांना मागायला लावू नये, आपणहून द्यावी.