अँथनी बर्न्स आणि राज्यांचे हक्क

अमेरिकेतले यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालेच नाही, ते राज्यांच्या हक्कांवरून झाले, असे ठासून सांगणारा माणूस हल्ली मराठीतही वरचेवर भेटतो. कधी व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत, कधी अमेरिकेतून सुटीवर आलेल्या आप्तांच्या गप्पांत. गुलामगिरी हे शाळेतल्या मुलांना सांगायचे कारण, खरे भांडण राज्यघटनेचे, असा त्याचा एकूण सूर असतो. ऐकणाऱ्यालाही वाटते, हा बराच खोलात गेलेला दिसतो.

यंदाचा आमचा दिवाळी अंक केंद्र आणि राज्ये यांच्या नात्याला वाहिलेला आहे. या नात्यात आम्ही राज्यांच्या बाजूचे आहोत, हे वाचकांना ठाऊक आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या मातीत माणसांनी गोळ्या झेलल्या, तिथल्या मासिकाने दुसरी बाजू घ्यावी कशी? पण जो हक्क आपल्याला प्रिय आहे, त्याच्या नावावर जगात काय काय खपवले गेले, याची झडतीही आपणच घ्यायला हवी. ते काम विरोधकांवर सोडून चालत नाही. म्हणून या पानावर अमेरिकेची गोष्ट.

२४ मे १८५४ च्या संध्याकाळी बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाच्या विशीतल्या तरुणाला भर रस्त्यात पकडण्यात आले. कपड्यांच्या दुकानातले काम आटोपून तो घरी निघाला होता. सराफी दुकानात चोरी केल्याचा आळ त्याच्यावर घेतला गेला, पण तो निव्वळ बहाणा होता. कोर्टाच्या इमारतीत नेल्यावर समोर उभा राहिला तो व्हर्जिनियातला त्याचा मालक, चार्ल्स सटल. बर्न्स काही महिन्यांपूर्वी रिचमंडहून जहाजात लपून पळाला होता. तो लिहायला-वाचायला शिकला होता, आणि तिकडे गुलामीतच असलेल्या भावाला त्याने पत्र लिहिले होते. ते पत्र मालकाच्या हाती पडले आणि ठावठिकाणा उघड झाला.

त्याच्यावर जो कायदा लावला, तो १८५० चा, फरारी गुलामांविषयीचा. तो केंद्राचा कायदा होता, अमेरिकी काँग्रेसने केलेला. त्यात पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही. त्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नाही. निवाडा करणार केंद्राने नेमलेला कमिशनर. माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर कमिशनरला दहा डॉलर मेहनताना, सोडून दिला तर पाच. फरारी माणसाला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गुलाम पकडायला मदत करा, असा हुकूम रस्त्यावरच्या कुणाही नागरिकाला देण्याची सोय त्यात होती.

बॉस्टन ज्या राज्यात, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी अठराव्या शतकातच संपली होती. बॉस्टनमधल्या काळ्या-गोऱ्या लोकांनी कोर्टाच्या दारावर धडक दिली. त्या झटापटीत एक पहारेकरी मारला गेला, पण बर्न्स सुटला नाही. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांनी वॉशिंग्टनहून तारेने कळवले की कायद्याच्या अंमलबजावणीसाठी लागेल तो खर्च करा. २ जूनला निकाल मालकाच्या बाजूने लागला. मग एका माणसाला बंदरापर्यंत नेण्यासाठी सैनिक, घोडदळ आणि तोफ रस्त्यावर उतरली. दुतर्फा सुमारे पन्नास हजार लोक उभे होते. दुकानांवर काळे कापड लावले होते आणि एका रस्त्यावर तर शवपेटी टांगली होती. बंदरात सरकारी जहाज तयार होते.

आता विचारावे, या सगळ्या प्रकारात राज्याचा हक्क कुणी मागितला आणि तो कुणी तुडवला? आपल्या भूमीवर कुणी गुलाम नाही, असे मॅसॅच्युसेट्सचे म्हणणे होते. ते मोडून काढायला केंद्राचा कायदा, केंद्राची तिजोरी आणि केंद्राची फौज वापरली गेली. गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना त्या दिवशी केंद्र सरकारच्या बळाचे काडीचेही वावडे वाटले नाही.

पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने कायदा करून आपल्या अधिकाऱ्यांना या धरपकडीत मदत करायला मनाई केली. विस्कॉन्सिन त्याहून पुढे गेले. मिसूरीतून पळून आलेल्या जोशुआ ग्लोव्हरला मिलवॉकीच्या तुरुंगात कोंडले होते. १८५४ च्या मार्चमध्ये जमावाने तुरुंगाचे दार फोडून त्याला सोडवले आणि तो कॅनडात पोचला. जमावाला चेतवल्याबद्दल शर्मन बूथ या वृत्तपत्राच्या संपादकाला अटक झाली. संपादकीय लिहायला बसलेल्या माणसाने त्याचे नाव आदराने घ्यावे. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा तो कायदाच घटनाबाह्य ठरवून बूथची सुटका केली. १८५९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने, सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांच्या निकालपत्राने, हा निर्णय एकमताने फिरवला. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने निषेधाचा ठराव केला. ठरावातली भाषा १७९८ मध्ये जेफरसन यांनी केंटकीसाठी तयार केलेल्या ठरावांची होती, म्हणजे राज्यांच्या सार्वभौमत्वाची. दक्षिण ज्या ठरावांची पोथी करून बसली होती, त्याच ठरावांच्या आधारे विस्कॉन्सिनने पळालेल्या गुलामाची पाठराखण केली.

याच टॉनी यांनी १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितले होते की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, आणि पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. एवढ्यानेही दक्षिणेचे समाधान झाले नाही. १८६० च्या एप्रिलमध्ये चार्ल्सटनला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. नव्या प्रदेशांत केंद्राने गुलामांच्या मालकीला कायद्याचे संरक्षण द्यावे, ही दक्षिणेची मागणी तिथे फेटाळली गेली, तेव्हा त्यांचे अनेक प्रतिनिधी सभा सोडून गेले. त्या प्रदेशातल्या लोकांना काय हवे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या, ही भूमिका त्यांना पटली नाही. त्यांना हवे होते वॉशिंग्टनचे संरक्षण.

दक्षिण का फुटली हे समजून घ्यायला नंतरच्या इतिहासकारांचीही गरज नाही. फुटणाऱ्यांनी कारणे स्वतःच लिहून ठेवली आहेत. लिंकन निवडून आल्यावर २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना बाहेर पडले आणि चार दिवसांनी त्याने आपले कारणपत्र प्रसिद्ध केले. ते एकदा तरी सबंध वाचावे. त्यात गाऱ्हाणे आहे ते उत्तरेकडच्या राज्यांविषयी. ही राज्ये फरारी गुलाम परत करत नाहीत, त्यासाठी त्यांनी कायदे केले आहेत, असे म्हणून त्यांची नावानिशी यादी दिली आहे. न्यूयॉर्कची न्यायालये तर गुलामाला बरोबर घेऊन नुसते राज्यातून जाण्याचा हक्कही नाकारतात. काही राज्यांनी काळ्यांना नागरिक मानले, गुलामगिरीविरोधी संस्था आपल्या हद्दीत चालू दिल्या. म्हणजे उत्तरेकडची राज्ये आपले हक्क वापरत होती, हाच आरोप! मिसिसिपीचा जाहीरनामा तर सुरुवातीलाच सांगतो की आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे.

आणि मग त्यांनी जी स्वतःची घटना केली, ती पाहावी. फुटलेल्या राज्यांच्या संघाच्या, म्हणजे कॉन्फेडरसीच्या, ११ मार्च १८६१ ला मंजूर झालेल्या घटनेत राज्यांच्या सार्वभौमत्वाचा उच्चार प्रस्तावनेतच आहे. पण गुलामांवरच्या मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा त्यांच्या काँग्रेसला कधीच करता येणार नव्हता. कोणत्याही नागरिकाला आपले गुलाम घेऊन कोणत्याही राज्यात जाण्याचा, राहण्याचा हक्क होता. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण सक्तीचे होते. उद्या त्यांच्यातल्याच एखाद्या राज्याला आपल्या वेशीत गुलाम नको असे वाटले असते, तर त्याला बाहेरच्या मालकांना अडवता आले नसते. राज्याचा हक्क आणि मालकाचा हक्क समोरासमोर आले, तेव्हा या घटनेने मालकाचा निवडला. आमच्या मते वाद इथेच निकालात निघतो.

जकातीचा मुद्दा हमखास काढला जातो. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्राचा आयात जकातीचा कायदा आपल्या राज्यापुरता रद्दबातल ठरवला होता, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी लष्करी बळाची धमकी दिली होती, हे सगळे खरे. पण त्या चळवळीचे सूत्रधार जॉन कॅल्हून यांनी १८३० मधल्या एका खासगी पत्रात कबूल केले होते की जकात हे निमित्त आहे, मूळ कारण नाही. मूळ कारण म्हणून त्यांनी दक्षिणेच्या त्या खास घरगुती संस्थेकडेच, म्हणजे गुलामगिरीकडेच, बोट दाखवले होते.

उत्तरेला देव्हाऱ्यात बसवण्याची आमची इच्छा नाही. लिंकन यांनी १८६१ च्या मार्चमध्ये शपथ घेताना सांगितले होते की ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे आपण हात घालणार नाही. युद्ध सुरू झाले ते संघराज्य टिकवण्यासाठी. गुलाम बाळगणारी चार राज्ये, डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसूरी, उत्तरेच्याच बाजूला राहिली. युद्धाचा रोख बदलला तो शेतमळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येऊन थडकणाऱ्या गुलामांनी. पुढे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक उत्तरेच्या भूदलात लढले. १८६० च्या जनगणनेत गुलाम म्हणून नोंदलेली माणसे साडेएकोणचाळीस लाख होती. राज्यांच्या हक्कांच्या त्या सगळ्या वादात त्यांचे मत कुणी विचारले नव्हते. ते त्यांनी पायांनी चालत येऊन दिले.

मग राज्यांच्या हक्कांची ही कहाणी आली कुठून? ती पराभवानंतर रचली गेली. कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ ला सव्हानाच्या भाषणात गर्वाने सांगितले होते की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था, आणि आपल्या नव्या सरकारची कोनशिला हेच सत्य आहे. तेच स्टीफन्स युद्ध हरल्यावर १८६८ आणि १८७० मध्ये दोन जाडजूड खंड लिहून सांगू लागले की भांडण राज्यघटनेच्या अर्थाचे होते. कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी १८८१ मध्ये आपल्या ग्रंथात तीच री ओढली. पुढची कित्येक दशके दक्षिणेच्या शाळांतून मुलांनी हाच धडा गिरवला, चौकाचौकांत पुतळे उभे राहिले. आपल्या गप्पांमध्ये आज येते ती हीच, हरलेल्या मालकांनी लिहिलेली बाजू.

हे युद्ध चालू असताना मुंबईने त्याला कापसाच्या भावाने ओळखले. अमेरिकेचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या इकडच्या कापसावर आल्या, पैशाचा पूर लोटला, शेअरांचा सट्टा माजला. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि काही महिन्यांत मुंबईतल्या कंपन्या, बँका कोसळल्या. त्या सुबत्तेची आणि त्या बुडिताची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत.

पुण्यात मात्र एका माणसाला त्या युद्धात कापसापलीकडचे काही दिसले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मुक्त करावे, अशी आशा त्यांनी तिथेच व्यक्त केली. स्टीफन्स यांचा दुसरा खंड निघून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. उत्तरेच्या हेतूंतला हिणकसपणा जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेत आलेला नाही, हे खरे. पण युद्ध कशावरून झाले हे त्यांनी नेमके ओळखले होते. ज्याच्या आसपास माणसाला जन्माने बांधून ठेवणारी व्यवस्था होती, त्याला घटनेच्या कलमांचा धुरळा भुलवू शकला नाही.

या वादाचे दुसरे टोक आपल्या घटना समितीत सापडते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेचे नाव घेऊन सांगितले की राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरवायला तिथे यादवी युद्ध करावे लागले. आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. म्हणून भारत हा राज्यांचा ‘संघ’. त्याच भाषणात, गाव हा राज्यघटनेचा घटक धरावा अशी मागणी करणाऱ्यांना त्यांनी ठणकावून उत्तर दिले आणि मसुद्याने व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. सत्ता जितकी गावाजवळ तितकी ती माणसाजवळ, हे ज्याला गावाच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते त्याने कसे मान्य करावे?

राज्यांना अधिकार हवेत. पैसा हवा, भाषा हवी, शेती आणि शाळा यांवरचा शब्द हवा. त्यासाठी या अंकातल्या लेखकांनी जोरकस मांडणी केली आहे आणि तिच्याशी आम्ही सहमत आहोत. पण आपल्या घटनेने एक जागा राज्यांच्या हाती दिलेली नाही, आणि ते जाणूनबुजून. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे गुन्हा ठरवला. त्या गुन्ह्याला शिक्षा ठरवण्याचा अधिकार पस्तिसाव्या कलमाने संसदेला दिला, आणि राज्यांच्या विधिमंडळांना तो असणार नाही, असेही त्याच कलमात लिहिले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांविषयीचा कायदा संसदेत झाला तो त्यामुळेच.