जिव्हाळ्याचा जमाखर्च

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून दिवाळीस आरंभ करणाऱ्या, आणि पुढे कार्तिकात आवळीच्या छायेत पंगत मांडणाऱ्या आपल्या समाजात निसर्गप्रेमाची वाण आहे, असे सहसा कोणी म्हणणार नाही. तरीही नगरहून मनमाड रस्त्याने नागापूरकडे जाताना सीनेच्या पुलावर गाडी थांबवून, निर्माल्याने गच्च भरलेली प्लास्टिकची पिशवी नीट गाठ मारून पात्रात सोडणारा आणि मग चपला काढून त्याच नदीला भक्तिभावाने हात जोडणारा गृहस्थ दिसला, म्हणजे प्रेमापासून वर्तनापर्यंतची वाट आपण समजतो तितकी सरळ नाही, अशी शंका मनात डोकावते. त्या गृहस्थाची भक्ती दांभिक आहे, असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. त्याच्या नळाला पाणी येते ते मुळा धरणाचे. सीनेचे पाणी तो पीत नाही, तिच्या काठी त्याची गुरे नाहीत, धुणे नाही. नदी त्याला वंद्य आहे. व्यवहार मात्र तिच्याशी काही उरलेला नाही.

मनुष्याला सृष्टीशी कितपत एकरूपता वाटते हे मोजण्यासाठी मेयर आणि फ्रँट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली एक प्रश्नावली सिद्ध केली, आणि ज्यांना ही एकरूपता अधिक वाटते त्यांचे रोजचे वागणेही बहुधा सृष्टीस कमी उपद्रवी असते, असे त्या दिशेच्या अभ्यासांतून दिसून आले. त्यावरून आधी माणसाच्या मनात प्रेम रुजवावे, वर्तन आपोआप मागून येईल, असा सुलभ निष्कर्ष काढण्याचा मोह शाळांना आणि (आमच्यासह) संपादकांना होतो. आमच्याच जिल्ह्याचा अनुभव पाहता हा क्रम पुष्कळदा उलटा लागतो.

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातले गाव पर्जन्यछायेतले. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. बोडके डोंगर, आटलेल्या विहिरी आणि पोटासाठी शहरांची वाट धरणारी माणसे, अशी स्थिती झालेल्या या गावात १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, जी बंधने ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतली, त्यांत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ही दोन होती. यांत प्रेमाचा उल्लेखही नाही. ही निव्वळ जाबत्याची कलमे. परंतु त्यांचा परिणाम पाहण्यासारखा आहे. जनावर डोंगरावर मोकळे सोडून झाडाखाली बसणाऱ्याला गवत ओळखण्याचे कारण पडत नाही; तेच गवत विळ्याने कापून डोक्यावरून आणावयाचे ठरले, की मारवेल कोणती आणि पवन्या कोणता, कुसळ धरण्यापूर्वी कापणी कधी उरकावी, खोडके किती राखले म्हणजे पुन्हा फुटवा येतो, हे सारे हाताला शिकावे लागते, आणि ज्या उतारावर आपण असे वर्षानुवर्षे वाकलो तेथे दुसऱ्याची शेळी शिरलेली पाहून जो संताप येतो, त्यालाच आम्ही जिव्हाळा म्हणतो.

पाण्याचेही तसेच. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: पाऊस किती पडला, त्यातून हाती काय आले, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याची तरतूद केल्यावर रब्बीला शिल्लक काय राहते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस ओढ देतो त्या वर्षी पिकांना कात्री लागते, आणि ती कोणत्या आकड्यामुळे लागली हे कर्त्या माणसाला बाजारभावासारखे तोंडपाठ असते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, गावरान बियाणे राखेत घोळून मडक्यांत जपतात. पण ते वाटताना दिले त्याच्या दुप्पट परत करण्याची अट घालतात. बीजमातेची ही सावकारी आम्हांस फार आवडते. फुकट नेलेले बी कदाचित फडताळात पडून राहील. परतफेडीचे बी पेरावेच लागते.

आता नागापूर. एके काळी निजामशाहीने नगरात खापरी नळांनी पाणी खेळवले. आज नागापूरच्या औद्योगिक वसाहतीचे पाणीही दुरून नळानेच येते, आणि वापरलेले कोठे जाते याची चौकशी करण्याची गरज आपणांस भासत नाही. सीना मात्र पुढे अहिल्यादेवींच्या चौंडीजवळून वाहत जाऊन, सोलापूर जिल्ह्यात, १०१८ सालचा मराठी शिलालेख जेथे आहे त्या हत्तरसंग-कुडलला भीमेस मिळते. वाटेतल्या गावांना ती नुसती वंदनापुरती नाही. मग हिवऱ्याचा ताळेबंद नागापुरात का मांडू नये, असे कोणी विचारील. अडचण खरी आहे: अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारा कामगार कोणत्या पाण्याचा हिशेब कोणाशी करणार? त्याला ना येथे विहीर, ना ग्रामसभा.

पण हाच कामगार दिवाळीच्या सुटीत गावी उतरला, की पिशवी ओट्यावर टेकवून आधी विहिरीत डोकावतो, पाणी किती परस आहे ते नजरेनेच मोजतो, आणि त्यावरून हरभऱ्याची गोष्ट थोरल्या भावाशी काढतो. मोजण्याची सवय त्याच्या अंगात आहेच. नागापुरात ती चालवायला निदान चौकात एक फळा हवा: आज पाऊस किती, मुळेत साठा किती, सीनेत आपण सोडले किती. पहिले दोन आकडे सरकारी दप्तरात मिळतात. तिसऱ्यासाठी कोणाला तरी नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे लागेल.