पुलावर गेलेले तास

औषध कंपनीच्या भाडेतक्त्यात कोल्हारच्या वाट्याला एकच ओळ येते : हेडक्वार्टर नगर, एक्स-स्टेशन कोल्हार, पुढे किलोमीटर आणि भत्ता. एक्स-स्टेशन म्हणजे सकाळी जायचं आणि त्याच दिवशी परतायचं. रात्रीचा मुक्काम पडला तर ते आउटस्टेशन, त्याचा भत्ता निराळा. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून माझी उमेदीची वर्षं या दोन शब्दांच्या मध्ये गेली. नगर–मनमाड रस्त्याने कोल्हारहून निघालेला माणूस घरी किती वाजता पोचेल, हे कुठलाही तक्ता सांगू शकत नाही.

गाव नाक्यावरचं. प्रवरेच्या एका तीरावर कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता. पूल ओलांडला की कोल्हार खुर्द, तालुका राहुरी. इथून एक रस्ता लोणी, संगमनेर, अकोले करत घोटीला जातो, दुसरा बेलापूरमार्गे श्रीरामपूरला. मनमाडकडून दक्षिणेला जाणारे मालट्रक, शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेले भाविक, गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, नवरात्रात कोल्हारच्या भगवतीच्या दर्शनाला येणारी माणसं, सगळ्यांना नगर–मनमाड हाच एक रस्ता. त्यातून खड्डे. पुलाच्या तोंडाशी एखादी ट्रॉली बसली की दोन्ही बाजूंना रांग लागते, आणि मोटारसायकलवाल्यालाही कडेने निघायला जागा उरत नाही.

आम्हाला मात्र इकडे यावंच लागतं. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठं रुग्णालय आहे, आणि कोल्हारपासून राहात्यापर्यंत दवाखाने आहेत. डॉक्टर एमआरना भेटतात ते ओपीडी आटोपल्यावर. बॅग उघडायची, व्हिज्युअल एड दाखवायचं, दोन औषधांची नावं त्यांच्या कानावर घालायची. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. त्या मिनिटांसाठी सकाळ रस्त्यावर जाते. पुलावर अर्धा तास अडकलं की डॉक्टर जेवायला निघून गेलेले असतात. मग संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघायची, आणि परतीला अंधार.

ही वाट बघण्याची वेळ काम आहे की नाही? मला सांगायचं आहे ते एवढंच, की ते काम आहे, आणि ते तासांत मोजलं पाहिजे.

एसटीचंच बघा. याच नगर जिल्ह्यातून महाराष्ट्राची पहिली एसटी सुटली. १ जून १९४८, नगर ते पुणे. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, आणि मधली विश्रांती धरून दिवसाचा पसारा बारा तासांच्या आत, असं लिहिलेलं होतं. गाडी चालते ती वेळ कामाची असं तो कायदा धरायचा. रांगेत ती गोगलगायीसारखी सरकली तरी तास मोजले जायचे. आमच्यासाठी १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा कायदा आला. तो मोठ्या झगड्यानंतर आला आणि त्याने खरंच दिलं : लेखी नेमणूकपत्र, कामाच्या काळाच्या एक अकरांश भरपगारी रजा, आजारपणाची रजा. पण दिवसाच्या तासांची तशी मर्यादा त्यात नव्हती. एसटीचा चालक आणि तिच्यात बॅग मांडीवर घेऊन बसलेला एमआर एकाच पुलावर अडकायचे; एकाची ड्यूटी मोजली जायची, दुसऱ्याची नाही. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. २० डिसेंबर २०२३ ला देशभरातल्या एमआरनी संप केला, तेव्हाही आमच्या कामाच्या पद्धतीचे नियम कायद्याने ठरवा, हीच मागणी पुढे होती.

पूर्वी कंपनी म्हणू शकत होती, तुम्ही रस्त्यात किती वेळ होता ते आम्हाला काय ठाऊक? आता तसं म्हणता येत नाही. फोनमध्ये अ‍ॅप असतं. सकाळी कुठून निघालो, कोणत्या दवाखान्यापाशी किती मिनिटं थांबलो, सगळं त्यात उमटतं. प्रवरेच्या पुलावर तासभर हललो नाही, हेही उमटतं. पण ती नोंद वाचताना साहेबांना त्यात प्रवास दिसत नाही, रिकामा वेळ दिसतो. महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यावर प्रश्न येतो, प्रवासभत्त्याच्या बिलात मात्र फक्त किलोमीटर. मला याचा राग येतो. माणसावर नजर ठेवायला जी नोंद खरी मानता, तीच त्याचे तास मोजायलाही खरी माना.

या कामात आता मुलीही येतात, आणि त्यांचे हाल पाहवत नाहीत. रांगेत अडकलेल्या बाईला स्वच्छतागृह कुठे मिळणार? माझी एक सहकारी या रस्त्यावर काम असलं की सकाळपासून पाणी पीत नसे, उन्हाळ्यातसुद्धा. केमिस्टच्या घरची माणसं ‘ताई, आत या’ म्हणायची, म्हणून तिचे दिवस निभावले. त्या घरांचे उपकार मी विसरणार नाही. पण एका बाईची नोकरी दुसऱ्याच्या चांगुलपणावर चालावी, ही कंपनीची व्यवस्था नव्हे.

नगर-श्रीरामपूरकडची मुलंमुली बीएस्सी, बीफार्म करून दरवर्षी या नोकरीत शिरतात. लेखी नेमणूकपत्र हा हक्क नव्या संहितेतही कायम आहे. ते हातात आलं की पगाराचा आकडा वाचून सही करू नका, आधी विचारा : माझ्या भागातलं कोणतं गाव एक्स-स्टेशन धरलंय? रस्ता बंद झाला तर मुक्काम मंजूर होईल का, आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा? अ‍ॅपमधला थांबा कामाच्या वेळेत धरणार का? उत्तरं मेलवर मागून घ्या, आणि ते मेल पुसू नका.