पिल्लूं विकत घेण्यापूर्वीं

मुलांनीं घरांत कुत्र्याचें पिल्लूं आणण्याचा हट्ट धरला आहे, तरी तें कोणाकडून व काय पाहून घ्यावें, अशी पृच्छा एका भगिनींनीं पत्रद्वारें केली आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण ज्या घरांत तो एकदां चुकला त्या घरांतील मी एक असल्यामुळें या महिन्याचें सर्व लेखन त्यासच द्यावें असें ठरविलें.

आमच्या जुन्या घरांत कुत्र्याचें स्थान उंबरठ्याबाहेर असे. वैश्वदेवानंतर त्याच्यासाठीं बलि ठेवावा, पण त्यास शिवूं नये, ही रीत. कुत्र्यास सोडून इंद्राच्या रथांत बसण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही कथा मीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल याची गणती नाहीं. परंतु स्वतःच्या ओटीवर कुत्रें येऊं देण्यास मात्र मला साठी उलटावी लागली.

तीन वर्षांपूर्वीं धाकट्या नातवाच्या आग्रहास्तव आम्हीं लॅब्राडोर जातीचें पिल्लूं घेतलें. विकणारे गृहस्थ आम्हांस आपल्या घरीं नेण्यास राजी नव्हते. 'तुम्हांला कशाला त्रास? मीच आणून देतों,' असें म्हणून त्यांनीं तें पुठ्ठ्याच्या खोक्यांतून एस. टी. च्या थांब्यावर आणलें. वय विचारलें, 'दीड महिना' म्हणाले. लसींचें विचारलें, 'सर्व झाल्या' म्हणाले. मीं पैसे मोजून दिले. ३६ वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत गेलीं, आणि त्या दिवशीं मला तिसरा प्रश्न सुचला नाहीं! पांचव्या दिवशीं पिल्लूं ओकूं लागलें, रक्ताचे जुलाब सुरू झाले, आणि आठव्या दिवशीं तें गेलें. नातू दोन दिवस धड जेवला नाहीं. आणि 'आजोबा, तुम्हीं नीट पाहिलें होतें ना?' या त्याच्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें.

पशुवैद्यांनीं रोगाचें नांव पार्व्हो असें सांगितलें. याचा विषाणू शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणजे विकत घेतेवेळीं पिल्लूं उड्या मारीत होतें, एवढ्यावरून तें निरोगी होतें असें मुळींच ठरत नाहीं. आणि 'सर्व लसी झाल्या' हें वाक्य तर आपलें खोटेपण आपणच सांगत होतें. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत देतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ति तिच्या आड येते, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें ती सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत पुनः पुनः द्यावी लागते. रेबीजची लस तर तीन महिन्यांच्या सुमारास. दीड महिन्याच्या पिल्लाच्या सर्व लसी झाल्या म्हणणें म्हणजे बिगरींतला मुलगा मॅट्रिक झाला म्हणण्यासारखें आहे. यास्तव तोंडच्या शब्दावर न जातां लसीचें पुस्तक मागावें. त्यांत तारीख, कुपीवरची चिकटविलेली चिठ्ठी व पशुवैद्याची सही हीं तिन्ही पाहावीं.

दीड महिन्याचें पिल्लूं विकणेंच मुळांत गैर आहे, हेंही मला मागाहून कळलें. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांखालील पिल्लूं विकतां येत नाहीं, आणि पैदास करणारानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. ती नोंदणी दाखवा म्हणण्यांत संकोच कसला? भावंडांशीं खेळतां खेळतां किती जोरानें चावावें हें पिल्लूं ज्या आठवड्यांत शिकतें, त्याच आठवड्यांत त्यास उचलून आणलें, तर पुढें तो धडा घरांतील मुलांच्या हातांवर गिरविला जातो.

तो विषाणू जमिनींत कित्येक महिने टिकतो. म्हणून वैद्यांच्या सल्ल्यानें आम्हीं फरशी ब्लीचिंगच्या पाण्यानें धुतली, व वर्षभर दुसरें पिल्लूं आणलें नाहीं. नंतर मात्र मी वहींत प्रश्न लिहूनच बाहेर पडलों. पहिला प्रश्न एकच : पिल्लाची आई दाखवा. एकानें ती गांवीं आहे असें सांगितलें, तेथून परतलों. दुसऱ्यानें एक कुत्री समोर आणली, पण पिल्लें तिच्याकडे धांवलीं नाहींत आणि तिच्या आंचळांवर पाजल्याची खूण नव्हती! आई दिसली, म्हणजे तिचा स्वभाव दिसतो, तिची जागा दिसते, व तिला किती राबविलें आहे तेंही दिसतें. तिचें वय आणि वेतें अवश्य विचारावीं. दीड वर्षाआधीं, आठ वर्षांनंतर, किंवा पांचाहून अधिक वेतें त्या नियमांस मान्य नाहींत.

मग जातीचे प्रश्न. लॅब्राडोरच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे. आईबापांच्या खुब्यांचे क्ष-किरण फोटो काढले आहेत काय, हें विचारावें. पग जातीचें नाक इतकें आंखूड असतें कीं कित्येकांस श्वास घेणेंच कष्टाचें होतें; तेथें आईस चार पावलें चालवून तिचा श्वास ऐकावा. डाल्मेशियनचीं कांहीं पिल्लें उपजत बहिरीं असतात. पाठीमागून टाळी वाजवून पाहावी. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृति सांगत नाहीं. आपल्याकडेही कुळाचा अभिमान असाच असतो, पण तें असो.

तिसऱ्या गृहस्थांकडे आई होती, आणि पिल्लें तिच्या अंगावर लोळत होतीं. त्यांनीं माझ्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, व वही मिटल्यावर आपले प्रश्न सुरू केले. दिवसभर घरीं कोण असतें? अंगणास फाटक आहे काय? पहिलें पिल्लूं कशानें गेलें? घरांत कोणाची हरकत आहे काय? या शेवटच्या प्रश्नाला मी अडखळलों. आमच्या वहिनी ८१ वर्षांच्या, सोंवळें कडक. 'मग त्यांच्याशीं बोलून या,' ते शांतपणें म्हणाले, आणि त्या दिवशीं त्यांनीं पिल्लूं दिलें नाहीं.

घरीं येऊन मीं वहिनींस विचारलें. त्या म्हणाल्या, 'भाऊजी, मागच्या वेळीं मला कोणीं विचारलें होतें? आणि शेवटच्या रात्रीं त्याच्याजवळ मीच बसलें होतें. देवघर नि स्वयंपाकघर सोडून कुठेंही फिरूं दे.'

पिल्लूं नऊ आठवड्यांचें झाल्यावर घरीं आलें. त्या गृहस्थांच्या कागदावर एक अट आहे : सांभाळणें न झाल्यास पिल्लूं अन्य कोणास न देतां त्यांनाच परत करावें. पत्र पाठविणाऱ्या भगिनींनीं ही अट आपणहून मागावी, आणि विकणारा ती लिहून देण्यास कांकूं करूं लागला तर चहासही न थांबतां उठून यावें.