राहून गेलेला फोटो

नोव्हेंबर १९६९मध्ये अपोलो १२मधून गेलेले ॲलन बीन हे चंद्रावर चालणारे चौथे. १९८१मध्ये ‘नासा’ सोडून त्यांनी कुंचला हाती घेतला आणि चंद्रच रंगवत राहिले. अंतराळपोशाखावरच्या कापडी बिल्ल्यांना तिथली धूळ चिकटलेली होती. त्यांचे बारीक तुकडे ते रंगांत मिसळत. केवढी ही ओढ! चंद्रावर त्यांना आणि मोहिमेतले त्यांचे सहकारी पीट कॉनरॅड यांना दोघांचा एकत्र फोटो काढायचा होता. त्यासाठी गुपचूप टायमरही नेला होता, पण ऐन वेळी तो पिशवीत सापडेना. न काढलेला तो फोटो बीन यांनी पुढे कॅनव्हासवर उतरवला. घडलंच नाही ते रंगवलंय, तरी त्या मोहिमेचं मला तेच चित्र सर्वांत खरं वाटतं.